मराठवाड्यातील वनस्पतिनोंद आणि रोपांचा प्रश्न

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्यामुळे त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिला. १९५६ साली हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तथापि व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, प्रसिद्ध व्हावयास १९९८ साल उजाडले.

अशा ग्रंथांत वनस्पती ओळखावयाची ती प्रामुख्याने फुलाफळांवरून. नुकत्याच उगवलेल्या रोपास ही लक्षणे नसतात. त्याची पहिली पानेही पुष्कळदा मोठ्या झाडाच्या पानांहून निराळी असतात. ट्रूप यांच्या भारतीय वृक्षांवरील १९२१ च्या त्रिखंडात्मक ग्रंथातील रोपांच्या चित्रांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. परंतु मृगाच्या पावसानंतर किती रोपे उगवली आणि पहिला उन्हाळा ओलांडून किती जगली, हे चित्रांवरून कळणारे नव्हे. त्यासाठी तीच जागा वारंवार पाहावी लागते, आणि हे काम तेथील रहिवाशांनाच साधण्यासारखे आहे.

लोकांकडून नोंदी घेण्याची व्यवस्था आता अस्तित्वात आहे. २००२ च्या जैवविविधता अधिनियमामुळे स्थानिक समित्या व लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या. २०१० मध्ये सुरू झालेल्या सीझनवॉच उपक्रमात नागरिक झाडांची पाने, फुले व फळे यांची ऋतुमानानुसार नोंद करतात. रोपांच्या नोंदी हे यापुढील पाऊल होय.

मात्र येथे शब्दांचा प्रश्न उपस्थित होतो. तोडलेल्या पळसाच्या खोडातून व मुळांतून नवे कोंब येतात. शेतकऱ्याच्या बोलीत तो ‘फुटवा’. बीजापासून उगवते ते ‘रोप’. नोंदपत्रकात केवळ ‘लहान झाड’ असा रकाना असल्यास दोहोंची गणना एकत्र होईल, आणि ज्या टेकडीवर वर्षानुवर्षे एकही बी रुजलेले नाही, तेथेही नवे रान वाढत असल्याचा भास होईल. जुनी खोडे मेल्यावरच ही चूक उघडकीस येईल. त्या वेळी उपाय उरणार नाही.

म्हणून पत्रक तयार करण्यापूर्वी गावोगावची वनस्पतिविषयक शब्दसंपदा संकलित करणे अगत्याचे आहे. बोलीने जपलेला भेद पत्रकाने पुसून टाकला, तर निरीक्षकांची संख्या कितीही वाढली तरी नोंद विश्वसनीय ठरणार नाही.