उपाशी शरीराची आठवण

स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजारातून मी बरी झाले, तेव्हा वजन आजारापूर्वीपेक्षा जास्त भरलं. ‘आता जरा डाएट कर,’ मैत्रिणी म्हणाल्या. डॉक्टरांनी मात्र मला एक जुनी हकीकत सांगितली.

नोव्हेंबर १९४४. महायुद्धाने उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं जेवू घालावं, हे शोधण्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग सुरू केला. हे तरुण लढायला नकार दिलेले, स्वखुशीने आलेले. पुढे २४ आठवडे त्यांचं जेवण निम्म्यावर आणलं. वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. माणसं चिडचिडी झाली, ताटं चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. नंतर पोटभर मिळालं तरी कित्येकांची भूक शमेना. अंगावर चरबी पूर्वीपेक्षा जास्त चढली.

म्हणजे माझं वाढलेलं वजन हा हावरटपणा नव्हता. ती उपाशी शरीराची सावधगिरी होती!

म्हणून आधी वेळेवरचं जेवण पक्कं झालं. वजनाचा विचार पुष्कळ नंतर, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आज मी चालते, एकही जेवण चुकवत नाही. वजन सावकाश उतरतंय. काट्यावरचा आकडा डॉक्टर बघतात. मी ताटाकडे बघते, न घाबरता.