आजारी लेखकाची उपस्थिती आणि साहित्य संमेलन : 'आउटराइट'मधील मेल्विन डिक्सन यांच्या भाषणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

साहित्य संमेलनांचा इतिहास बहुधा अध्यक्षीय भाषणे, ठराव आणि वाद यांच्या आधारे लिहिला जातो. लेखक कोणत्या शारीरिक अवस्थेत व्यासपीठावर आला, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. परंतु ज्या समाजाचे लेखक ऐन उमेदीत मृत्युमुखी पडत होते, त्या समाजाच्या संमेलनाचा इतिहास हा प्रश्न टाळून लिहिता येणार नाही. अमेरिकेतील समलिंगी लेखकांच्या 'आउटराइट' संमेलनात मेल्विन डिक्सन यांनी १९९२ साली केलेल्या भाषणाच्या आधारे आजारी लेखकाच्या उपस्थितीचा अर्थ शोधणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील समलिंगी साहित्याचा व्यवहार मुख्य प्रवाहाच्या बाहेर उभा राहिला. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये क्रेग रॉडवेल यांनी ऑस्कर वाइल्ड यांच्या नावाने पुस्तकांचे दुकान सुरू केले. १९८० साली बार्बरा स्मिथ, ऑड्री लॉर्ड आदी लेखिकांनी 'किचन टेबल' ही प्रकाशनसंस्था स्थापन केली, तर १९८९ साली 'लॅम्डा' साहित्य पुरस्कारांना प्रारंभ झाला. हा व्यवहार स्थिरावत असतानाच जून १९८१ मध्ये एड्सची पहिली वैद्यकीय नोंद झाली. १९८७ साली मान्यता मिळालेल्या एझेडटी या औषधाने मृत्यू फार तर लांबत असे. १९९२ पर्यंत एड्स हे अमेरिकेतील २५ ते ४४ वयोगटातील पुरुषांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. लेखक, संपादक आणि वाचक एकाच वेळी नाहीसे होत होते.

अशा काळात 'आउट/लुक' या नियतकालिकाच्या पुढाकाराने मार्च १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पहिले 'आउटराइट' भरले. ॲलन गिन्सबर्ग आणि ज्यूडी ग्राहन हे त्याचे प्रमुख वक्ते होते. १९९२ पासून संमेलन बोस्टनला हलले आणि १९९९ पर्यंत एकूण आठ संमेलने झाली.

या व्यासपीठावर सारे समान नव्हते. पहिल्याच संमेलनात कृष्णवर्णीय कवी एसेक्स हेम्फिल यांनी रॉबर्ट मॅपलथॉर्प यांच्या छायाचित्रांतील कृष्णवर्णीय पुरुषांच्या चित्रणावर टीका केली. बोलताना त्यांना अश्रू आवरले नाहीत. समलिंगी समाजातही वर्णभेद आहे, हे त्यांनी उघडपणे मांडले होते.

डिक्सन यांचे भाषण

मेल्विन डिक्सन (१९५०–१९९२) हे कवी, कादंबरीकार आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमधील प्राध्यापक होते. 'व्हॅनिशिंग रूम्स' ही त्यांची कादंबरी आणि लिओपोल्ड सेंघोर यांच्या समग्र कवितेचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, ही दोन्ही पुस्तके १९९१ सालची. १९९२ मध्ये ते बोस्टनला आले तेव्हा एड्सने त्यांचे शरीर खचलेले होते. त्यांच्या जोडीदाराचेही त्याच आजाराने निधन झाले होते.

या भाषणात आजार हा सहानुभूतीचा विषय म्हणून येत नाही. डिक्सन स्वतःला साक्षीदार म्हणवतात. पुढील वर्षी आपण संमेलनाला येण्याइतके बरे, किंबहुना जिवंतही असू याची शाश्वती नाही, हे ते स्पष्टपणे सांगतात. मात्र आपले नाव कोणी घेते का, ते आपण कोठून तरी ऐकत राहू, असेही सांगतात. ज्यांना आरोग्य लाभले आहे त्यांच्यावर ते स्मरणाची जबाबदारी सोपवतात. आपली पुस्तके आपणच विकत घेतली नाहीत तर ती छापली जाणार नाहीत, आणि त्यांच्याविषयी बोललो नाही तर त्यांची दखल घेतली जाणार नाही, असा व्यवहारी मुद्दाही ते मांडतात. कृष्णवर्णीय समलिंगी लेखकाला दुहेरी विस्मृतीचा धोका आहे, ही या आग्रहामागील जाणीव होती. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

स्मृतीचे हस्तांतरण

ही भीती निराधार नव्हती. 'इन द लाइफ' (१९८६) या संकलनाचे संपादक जोसेफ बीम डिसेंबर १९८८ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे दुसरे संकलन अपुरे होते. हेम्फिल यांनी बीम यांच्या मातोश्रींच्या साहाय्याने ते पूर्ण केले आणि 'ब्रदर टू ब्रदर' या नावाने ते १९९१ साली प्रसिद्ध झाले. पुढे नोव्हेंबर १९९५ मध्ये हेम्फिलही एड्सने गेले. त्यांची कविता दीर्घकाळ दुर्मिळ राहिली; निवडक कवितांचा संग्रह २०२५ साली, म्हणजे सुमारे तीस वर्षांनी निघाला. डिक्सन यांचे भाषण १९९३ साली छापले गेले आणि त्यांचा 'लव्ह्ज इन्स्ट्रुमेंट्स' हा कवितासंग्रह १९९५ साली मरणोत्तर प्रसिद्ध झाला. बीम, हेम्फिल आणि डिक्सन या तिघांचीही कागदपत्रे आज न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात जतन केलेली आहेत. भाषणातील विनंतीचे असे संस्थात्मक रूप झाले, परंतु ते आपोआप झाले नाही. मित्र, कुटुंबीय, छोटे प्रकाशक आणि ग्रंथपाल यांनी ते काम अंगावर घेतले.

१९९६ नंतर अनेक औषधांच्या एकत्रित उपचारांमुळे, ज्यांना ते उपलब्ध झाले त्यांच्यापुरता एचआयव्ही हा दीर्घकाळ सांभाळण्याचा आजार बनला. १९९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, लक्षणे नसलेला एचआयव्ही संसर्गही १९९० च्या अपंगविषयक कायद्याच्या संरक्षणात येऊ शकतो, असा निर्णय दिला. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप पालटले. 'आमच्यामागे आमची आठवण ठेवा' या मागणीशेजारी 'आम्ही हयात असताना आम्हाला येता येईल अशी व्यवस्था करा' ही मागणी उभी राहिली. प्रवासाचा खर्च, विश्रांतीची सोय, औषधांच्या वेळा आणि सत्रांची लांबी या गोष्टी आजारी लेखकाच्या दृष्टीने गौण नाहीत. कोणाचा आवाज ऐकला जाईल, हे त्यांवरूनच ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, आजारी लेखकाच्या उपस्थितीने 'आउटराइट' हे केवळ विचारविनिमयाचे स्थान राहिले नाही. निघून जाणाऱ्यांनी मागे राहणाऱ्यांवर वाङ्मयीन वारशाची जबाबदारी सोपवण्याचे ते स्थान बनले. म्हणून संमेलनाच्या इतिहासकाराने कोण बोलले याबरोबरच, कोण येऊ शकले, कोणत्या कष्टाने आले आणि कोणाची खुर्ची रिकामी राहिली, याचीही नोंद घेतली पाहिजे. छापील कार्यक्रमपत्रिकेत हे सापडत नाही. त्यासाठी पत्रे, हस्तलिखिते आणि मरणोत्तर प्रकाशने यांकडे मूळ साधने म्हणून वळावे लागते.