जावळाची गाडी

'सहल' हा शब्द आमच्या खानदेशात तसा नवा आहे. निव्वळ हवापालटासाठी, डोंगर पाहण्यासाठी किंवा मुलाला समुद्र दाखविण्यासाठी भरले बिऱ्हाड घराबाहेर काढावे, ही कल्पना माझ्या आजीपुढे कोणी मांडली असती, तर तिने आधी त्या माणसाच्या कपाळास हात लावून ताप आहे की काय ते पाहिले असते. परंतु याचा अर्थ असा नव्हे की दीड-दोन वर्षांचे मूल बरोबर घेऊन चार-चार मुक्कामांचा प्रवास करणे ही गोष्ट पिंपळनेरास अपरिचित होती. उलट, चैत्र लागताच गावातून ज्या बैलगाड्या दक्षिणेकडे सप्तशृंग गडाच्या वाटेला लागत, त्यांपैकी पुष्कळशा गाड्या नुकते अंगणभर दुडूदुडू धावू लागलेल्या एखाद्या मुलाखातरच जुंपलेल्या असत. आजच्या सहलीत आईबाप हिंडावयास निघतात आणि मूल सामानाबरोबर घ्यावे लागते. त्या काळच्या प्रवासाचा यजमान ते मूलच असे, आणि आजीपासून गाडीवानापर्यंतची बाकीची मंडळी हा त्याचा लवाजमा.

पिंपळनेर हे गाव धुळ्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी, पांझरा नदी डोंगरातून सपाटीवर उतरते त्या टापूत वसलेले आहे, आणि वाटसरूंची त्याला फार जुनी सवय आहे. सुरतेहून औरंगाबादेवरून गोवळकोंड्यास जाणारी मोगल अमदानीतील मोठी वाट नवापुरावरून येथेच येत असे. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या व्यापारासाठी हिंदुस्थान पालथा घालणाऱ्या ताव्हेर्निये नामक फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या मुक्कामांच्या यादीत नवापुराबरोबर पिंपळनेराचेही नाव, थोडे वेडेवाकडे का होईना, नमूद करून ठेविले आहे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून हजारोंच्या संख्येने चालणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांचे जे वर्णन त्याने केले आहे, त्यात हे लोक बायकामुलांसह जन्मभर तंबूतच राहतात ही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटलेली नाही. ज्यांचा जन्म वाटेवर, रांगणे वाटेवर आणि पहिले पाऊलही वाटेवरच, अशी मुले या गावाने शेकडो वर्षे पाहिली. इंग्रजी अमलात पिंपळनेर हे तालुक्याचे ठाणे झाले. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात तालुक्याचे नाव पिंपळनेर असेच आहे. पुढे कचेरी साक्रीस गेली आणि तिच्यामागोमाग मामलेदार, शिरस्तेदार व दप्तराचे रुमालही गेले. गावाला त्याचा सल अजून आहे, पण तो आपला आजचा विषय नव्हे.

चैत्रातल्या त्या गाड्या निघत मुलाचे जावळ काढण्यासाठी. जावळ काढणे म्हणजे धर्मशास्त्रातील चौल अथवा चूडाकर्म. सोळा संस्कारांपैकी हा एक, आणि तो पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी करावा असे मनुस्मृती सांगते. आमच्याकडे शास्त्रापेक्षा दस्तूर बळकट असल्यामुळे 'विषम वर्षी' एवढेच लोकांनी लक्षात ठेविले आणि स्थळ मात्र ज्याच्या त्याच्या कुलस्वामिनीवर सोपविले: कोणी धुळ्याच्या एकवीरेकडे जात, कोणी सप्तशृंगीकडे. अहिराणीत 'ळ'चा 'य' होत असल्याने आमच्या आज्या या विधीला 'जाऊय' म्हणत, आणि परप्रांतीय पाहुण्याला वाटे की जावयाचे काही बोलणे चालले आहे.

परंतु एवढा लांबचा खटाटोप केवळ केस उतरविण्यासाठी का, याचे उत्तर संस्काराच्या पोथीत सापडणार नाही. ते मृत्यूच्या नोंदींत सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांतील दोनशेच्या आसपास मुले वर्षाची होण्यापूर्वीच दगावत असत. पिंपळनेराच्या पश्चिमेचा डोंगरपट्टा तर हिवतापासाठी कुप्रसिद्ध. पावसाळा सरल्यावर तिकडे जाण्यास सरकारी अंमलदारही कचरत. त्यात देवीच्या रोगाची भर. मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस ही हिंदुस्थानातील पहिली लस होय, आणि त्यानंतर ती मुलाच्या दंडावरून मुलाच्या दंडावर अशी प्रवास करीत मुलुखभर पसरली. पण टोचणाऱ्याच्या भीतीने माजघरात मुले दडविण्याची रीत पुढे कितीतरी वर्षे टिकून होती. ज्या रोगालाच लोकांनी देवी म्हटले, त्यातून वाचलेले पोर देवीच्या पायांवर घालणे हे त्यांच्या लेखी कर्ज फेडण्यासारखे होते. म्हणून नवस बोलला जाई तो मूल पाळण्यात असताना आणि फेडला जाई तो ते स्वतःच्या पायांनी चालू लागल्यावर. या मधल्या काळात त्याच्या केसांना कात्री लागत नसे. ते डोळ्यांवर येत, त्यांत जटा होत, उवाही होत, आणि तरीही आई त्यांना प्रसादाच्या फुलासारखी जपत असे.

चैत्राची निवड तरी काय सहज झाली? रब्बी घरात आलेली, हिवतापाचे दिवस मागे पडलेले, नद्यांना उतार, आणि गडावर चैत्री पौर्णिमेची यात्रा. तरीसुद्धा पांझरेच्या फडांखाली ज्यांच्या जमिनी, त्यांना अडचण असेच. नदीवरील बंधाऱ्याचे पाणी पाटाने आळीपाळीने घेण्याची ही जुनी फडपद्धत पाटकरी, हवालदार व जागल्या यांच्या देखरेखीखाली चाले, आणि पाळी चुकविली तर उसाचे वाफे सुकत. त्यामुळे घरातील एका कर्त्या पुरुषाला मागे राहावे लागे. तो पुष्कळदा मुलाचा बाप असे, आणि जावळाच्या विधीत बापाला तसे कामही नसते. मामा पाहिजे, आत्या पाहिजे. बाप नसला तरी देवी रागावत नाही, असे आजी खुशाल सांगत असे.

गाडीची तयारी आठवडाभर चाले. चाकांना वंगण, बैलांना तेल पाजणे, साट्यात कडब्याचा हातभर थर, त्यावर गोधड्या, आणि वर वाकविलेल्या कामट्यांवर तट्ट्या व घोंगडी ताणून केलेले छप्पर. या छपराच्या दोन कामट्यांना जुन्या लुगड्याची झोळी बांधीत. अभियंत्याने ध्यानात घ्यावी अशी ती रचना होती: चाक खड्ड्यात गेले म्हणजे साट्यातली माणसे एकमेकांवर आदळत, पण झोळीतले मूल तेवढे एक हेलकावा खाऊन पुन्हा झोपी जाई. गाडी पहाटे चांदण्यात निघे आणि ऊन चढण्याच्या आत एखाद्या आमराईत सोडली जाई. उन्हे कलल्यावर पुन्हा जुंपावयाची. यात बैलांची सोय होती, तितकीच मुलाचीही. दिवसाला किती कोस जावयाचे हे कोणी ठरवीत नसे. मूल रडू लागले, गाडी थांबली. त्याला बैलाच्या गळ्यातील घुंगुरमाळ हातात हवी झाली, गाडी थांबली. ओढ्यात खेकडा दिसला, की तासभर मुक्काम पडला.

शिदोरीत मोठ्यांसाठी दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे आणि बाजरीच्या भाकरी. मुलासाठी सातूचे पीठ, गूळ आणि डोंगराकडल्या नागलीचे सत्त्व. शेळी बरोबर नेणारी कुटुंबेही होती, म्हणजे दुधाचा प्रश्न गाडीमागे चार पायांवर चालत येई. परंतु बटव्यातल्या एका वस्तूविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती वस्तू म्हणजे अफूची बाळगोळी. मूल प्रवासात किरकिर करू नये, आईला भाकरी थापता यावी, म्हणून मोहरीएवढी गोळी दुधात उगाळून देण्याची चाल घराघरांत होती. १८९३ साली नेमलेल्या अफूच्या शाही आयोगापुढे देशाच्या निरनिराळ्या भागांतून या चालीच्या साक्षी झालेल्या आहेत. जुन्या काळची मुले प्रवासात कशी शांत असत, असे जे वृद्ध कौतुकाने सांगतात, त्यांच्या कौतुकातला काही वाटा या गोळीचा आहे. मला तर आजचे रडके पोर अधिक निरोगी वाटते.

पहिला कठीण टप्पा म्हणजे सेलबारीचा घाट. तो ओलांडला की खानदेश संपून बागलाण लागे आणि खाली ताहाराबाद व मोसम नदी दिसे. १८०२-०३ साली होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटला, मागोमाग दुष्काळ पडला, आणि १८१८ साली इंग्रजांचा अंमल आला तेव्हा खानदेशातील गावेच्या गावे ओसाड पडली होती. डोंगरातल्या वाटांची राखण ज्यांचा परंपरागत हक्क, त्या भिल्ल नायकांचे हक्क बुडालेले असल्यामुळे वाटा धोक्याच्या झाल्या होत्या. नंतर तैनाती व तनखे बांधून दिले गेले, १८२५ साली आउट्राम नामक इंग्रज अंमलदाराच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभी राहिली, आणि चोरांचा बंदोबस्त झाला असे सरकारी अहवाल सांगतात. बुडविलेल्या हक्काचा हिशेब त्या अहवालांत फार थोडा आहे. घाट ओलांडणाऱ्या कुटुंबाला मात्र एवढेच ठाऊक होते की वाटाड्या भिल्ल बरोबर असला म्हणजे भय नाही, आणि चढणीवर मूल त्याच्या खांद्यावर बसून जाई.

पुढे सटाणे. तेथे गाड्या आवर्जून थांबत त्या यशवंतराव महाराजांसाठी. यशवंतराव भोसेकर हे बागलाणचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्या रयतेस वाटला आणि लोकांनी त्यांना 'देव मामलेदार' केले. ज्या तालुक्याची स्वतःची मामलेदार कचेरी पुढे दुसऱ्या गावी गेली, त्या तालुक्यातील माणसांनी शेजारच्या मामलेदाराच्या पायांवर आपले मूल ठेवावे, यात मला नेहमी थोडी मौज वाटत आली आहे.

मग कळवणच्या अंगाने नांदुरी, आणि तेथून गड. गडाच्या एका जुन्या वाटेचे नावच रडतोंडी. नाव ठेवणाऱ्याच्या कडेवर मूल असावे असा माझा तर्क आहे. माथ्यावरून देवीच्या गुहेपर्यंतच्या सुमारे पाचशे पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी बांधविल्या, आणि त्या चढून गेल्यावर कड्यात कोरलेली अठरा हातांची, शेंदुराने माखलेली, आठ फुटी मूर्ती समोर येते. दोन वर्षांच्या मुलाला ती पाहून काय वाटत असेल? बहुतेक मुले आईच्या पदरात तोंड खुपशीत. नंतर मामाने मांडीवर घ्यावयाचे, नाभिकाने वस्तरा पाण्यात बुडवावयाचा, आणि आत्याने पडणारे केस जमिनीवर पडू न देता पदरात झेलावयाचे. जो आक्रोश सुरू होई तो खाली नांदुरीपर्यंत ऐकू जात असेल. पण त्या आक्रोशाला कोणी गप्प करीत नसे. पोराचा आवाज खणखणीत आहे, हे देवीच्या कानांवर जाणे बरेच, अशी समजूत. मुंडण झालेल्या डोक्यावर हळदीचा हात फिरे, नव्या कुंचीच्या आत ते डोके लपे, आणि आई त्याच्याकडे क्षणभर अनोळख्यासारखी पाहत राही.

या वाटेला रेल्वे कधीच आली नाही. १९०० च्या सुमारास चाळीसगावाहून धुळ्यास आणि सुरतेहून नंदुरबारावरून अंमळनेरास लोहमार्ग झाले. पिंपळनेर दोहोंच्या मध्ये कोरडे राहिले. मग सर्व्हिस मोटारी आल्या, आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी सोडणाऱ्या एस.टी.ने यथावकाश हा घाटही जिंकला. चार मुक्कामांची वाट काही तासांची झाली. झोळी गेली आणि मूल आईच्या मांडीवर, खिडकीशी आले. २०१८ पासून गडावर फनिक्युलर ट्रॉली चालते, आणि पायऱ्यांची चढण काही मिनिटांत उरकते. मोटारीत शंभर किलोमीटर अखंड कोंडलेले मूल जेव्हा आकांत मांडते, तेव्हा त्याच्या हाती पडदा चमकणारा मोबाइल दिला जातो. बाळगोळीशी त्याची तुलना करण्याचा मोह मी आवरतो. अफूने मुले मरत.

परंतु पिंपळनेरच्या परिसरातून लहान मुलांना घेऊन होणारा सर्वांत मोठा प्रवास आज गडाच्या दिशेने होत नाही. दिवाळी सरली की साक्री व नवापूर तालुक्यांतील कोकणा, भिल्ल आणि मावची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी मालमोटारींनी गुजरातेत उतरतात. बारडोलीच्या कारखान्याकडे खानदेशातून माणसे नेण्याची ही रीत गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आली आहे, आणि नवराबायकोच्या एका जोडीला तेथे माणसे न म्हणता 'कोयता' म्हणतात. भांडी, पाचरटाच्या झोपडीसाठी बांबू, कोंबड्या, आणि या सर्वांवर आईच्या मांडीवर बसलेले दीड-दोन वर्षांचे मूल, अशी ती मालमोटार जुन्या सुरत रस्त्याने खाली जाते. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते. मूल फडाच्या बांधावर, साडीच्या झोळीत असते. हा हंगाम चैत्र-वैशाखापर्यंत चालतो.