ईमेलची पत कशी जन्माला आली

ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोहोचवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहून काढले. ईमेल आजही त्याच पायावर धावते. पाठवणारा खरा कोण, हे तपासण्याची सोय त्या नियमांत नव्हती. शिवाय कोणाचीही मेल पुढे पोहोचवून देणे हे सर्व्हरचे सौजन्यच समजले जाई. त्याला भाबडेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण तेव्हा नेटवर्कवर प्रामुख्याने विद्यापीठे आणि संशोधनसंस्थाच होत्या.

नव्वदच्या दशकात इंटरनेट व्यापाराला खुले झाले आणि जाहिरातवाल्यांनी याच उघड्या सर्व्हरांवरून मेलचा मारा सुरू केला. भुर्दंड मात्र सर्व्हर चालवणाऱ्यांना. १९९७ साली पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी आयपी पत्त्यांची ‘रिअलटाइम ब्लॅकहोल लिस्ट’ काढली आणि एरिक झीगास्ट यांनी ती डीएनएसवर, म्हणजे इंटरनेटवरील नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेवर, आणली. ही युक्ती फार देखणी आहे. समजा, १९२.०.२.२५ या पत्त्यावरून मेल आली. घेणारा सर्व्हर आकडे उलटे मांडतो, २५.२.०.१९२, त्यांना यादीचे नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो. १२७.०.०.२ असे उत्तर आले, तर पत्ता यादीत आहे. काहीच सापडले नाही, तर वाट मोकळी. मजकुरावर नजरही न टाकता, केवळ पाठवणाऱ्याच्या लौकिकावर निकाल! पुढच्याच वर्षी स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅम पाठवणाऱ्यांचा माग काढणारी स्पॅमहाउस ही संस्था उभी केली.

इथून ईमेलला बाजारासारखी पत आली. पत म्हटली की नवख्याची पंचाईत आलीच. कोऱ्या आयपी पत्त्यावर कोणी विश्वास ठेवीना, आणि भाड्याने घेतलेल्या पत्त्याला आधीच्या भाडेकरूची बदनामी चिकटलेली. म्हणून आधी थोड्या मेल, मग हळूहळू जास्त, अशी ‘वॉर्म-अप’ची पद्धत रुळली. परत आलेल्या मेल आणि तक्रारी रोज बघायच्या, हे छोट्या संस्थेला झेपणारे नव्हते. मग इतरांच्या मेल पाठवून देणाऱ्या सेवा आल्या: २००९मध्ये सेंडग्रिड आणि २०११मध्ये ॲमेझॉनची एसईएस. त्यांचा खरा माल यंत्रांपेक्षा लौकिक, असे माझे मत. तोही अनेक ग्राहकांत वाटलेला, त्यामुळे सामायिक पत्त्यावर शेजाऱ्याच्या उद्योगांची झळ बसतेच.

दरम्यान पाठवणारे डोमेन खरे आहे का, हे तपासणारे एसपीएफ, डीकेआयएम आणि २०१२मध्ये डीमार्क आले आणि पत आयपीबरोबरच डोमेनलाही जोडली गेली. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे झाले. स्पॅमच्या तक्रारीही ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात.

तेव्हा पाठवणीचे काम खुशाल बाहेर द्या, पण डोमेन स्वतःच्या नावावर ठेवा आणि मेल-पत्त्यांच्या विकतच्या याद्यांना हात लावू नका. तक्रारींची नोंद सेवा देणाऱ्याच्याच नव्हे, तुमच्या डोमेनच्या नावेही होते.