न दिसणाऱ्या कणांच्या खुणा

इतिहासाच्या तासाला हिरोशिमाचा पाठ चालू होता. ६ ऑगस्ट १९४५ ची सकाळ, शहराची राखरांगोळी आणि त्यानंतर कित्येक वर्षे लोकांना जडलेले आजार हे सारे सांगून झाल्यावर नववीतील एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, "सर, किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. मग तो आहे हे माणसाला कळले कसे?" मी कला शाखेचा पदवीधर. उत्तर उद्या देतो असे सांगून वेळ मारून नेली. ते शोधताना जो इतिहास हाती आला, तो पालक बंधुभगिनी व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

पहिले उत्तर पॅरिसमध्ये मिळाले. १८९६ साली हेन्री बेक्रेल यांनी काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर युरेनियमचे क्षार ठेवले, तेव्हा उजेड न लागताही काच काळवंडली. पुढे १९११ साली विल्सन यांनी बाष्पाच्या पेटीत कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांप्रमाणे दाखविल्या, परंतु त्या रेघा क्षणात विरून जात. गायगर यंत्र टिकटिक करून कणाची वर्दी देते, पण त्याची खूण मागे ठेवीत नाही. शिवाय अशी यंत्रे साध्या शाळेच्या प्रयोगशाळेत कोठून असणार?

खूण कायम राहील अशी युक्ती सापडली ती इंग्लंडमधील हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात. १९५८ साली यंग नावाच्या शास्त्रज्ञाने लिथियम फ्लोराइडचा स्फटिक युरेनियमजवळ ठेवला, त्यावर न्यूट्रॉनचा मारा केला आणि मग तो रसायनात बुडविला. युरेनियमचा अणुगर्भ फुटून उडालेले तुकडे जेथे जेथे शिरले होते, तेथे तेथे बारीक खळगे पडले. पुढच्याच वर्षी त्याच केंद्रातील सिल्क आणि बार्न्स यांनी अभ्रकातील असे मार्ग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले. त्यानंतर अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्राइस, वॉकर आणि फ्लायशर या तिघांनी हे काम असे पुढे नेले की, योग्य रसायन वापरले तर हे मार्ग रुंद होऊन साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसू लागले. अभ्रक, काच, प्लॅस्टिक, सर्वांवर त्यांनी हात चालविला.

यामागील तत्त्व अवघड नाही. जड आणि विद्युत्भारित कण प्लॅस्टिकमध्ये घुसला की वाटेतील रेणूंच्या लांब साखळ्या तोडीत जातो. ही इजा इतकी सूक्ष्म की ती दिसत नाही. परंतु कॉस्टिक सोड्याच्या ऊन द्रावणात प्लॅस्टिक ठेवले, तर इजा झालेला भाग भोवतालच्या भागापेक्षा लवकर झिजतो आणि तेथे खळगा तयार होतो. एक कण, एक खळगा! अपोलो यानातील अंतराळवीरांची शिरस्त्राणे लेक्सन नावाच्या प्लॅस्टिकची होती. ती परत आल्यावर रसायनात घालून तपासली, तेव्हा त्यांत विश्वकिरणांचे मार्ग सापडले.

या कामी सर्वांत नावाजलेले प्लॅस्टिक म्हणजे सीआर-३९. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. ते १९४० च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरले गेले आणि युद्ध संपताच चष्म्याच्या भिंगांत येऊन बसले. १९७८ साली कार्टराइट, शर्क आणि प्राइस यांनी दाखवून दिले की, कणांच्या खुणा टिपण्यात या प्लॅस्टिकची बरोबरी करणारे दुसरे नाही. म्हणजे तीस वर्षे जे लोकांच्या नाकावर होते, त्याचा हा गुण कोणाच्या ध्यानात आला नव्हता. (चष्म्याची फुटकी भिंगे घेऊन प्रयोग करू म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सांगतो, प्रयोगाचे प्लॅस्टिक विशेष काळजीने बनवितात.)

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेले 'अनुराधा' नावाचे उपकरण २९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर यानातून स्पेसलॅब-३ बरोबर अंतराळात गेले. त्याच्या पोटात सीआर-३९ च्या पातळ पत्र्यांची चळत होती. सुकुमार विश्वास हे त्या प्रयोगाचे प्रमुख होते.

परंतु मला अधिक मोलाची वाटली ती ब्रिस्टल विद्यापीठाची हकीकत. तेथील डेनिस हेनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीच्या प्लॅस्टिकचे तुकडे ब्रिटनमधील शाळांच्या हाती दिले आणि निसर्गातील आल्फा कणांची देशव्यापी पाहणी केली. तिचा वृत्तांत १९८८ साली एका भौतिकशास्त्र-शिक्षणाच्या नियतकालिकात छापून आला. जे काम पंडितांनी बंद दाराआड करावयाचे, त्यात शाळकरी मुले सहभागी झाली.

पाहण्यासारखे होते तरी काय? रेडॉन. जमिनीतील व दगडांतील युरेनियमपासून, रेडियमच्या वाटेने, हा वायू जन्मतो आणि फटींतून घरात शिरतो. त्याचे निम्मे अणू ३.८ दिवसांत आल्फा कण सोडून दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका अणुवीज प्रकल्पावरील अभियंत्याच्या अंगावर किरणोत्सर्ग असल्याची घंटा रोज वाजू लागली. प्रकल्प तर अजून वीज देऊ लागला नव्हता! शेवटी तो कामावर येतानाच तपासणीतून गेला, तरी घंटा वाजलीच. दोष त्याच्या घरातल्या रेडॉनचा निघाला. धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण म्हणून या वायूचे नाव घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील हवेसाठी दर घनमीटरला १०० बेक्रेल ही संदर्भपातळी सुचविली. बेक्रेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. दारे-खिडक्या उघड्या असलेल्या घरात हा वायू साचत नाही. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रेडॉन आणि थोरॉन वेगवेगळे मोजण्यासाठी जोडकपाचे उपकरण बनविले. त्यात एलआर-११५ नावाची लाल रंगाची फिल्म असते.

शाळेत हे करावयाचे तर कृती अशी आहे. सीआर-३९ चा नखाएवढा तुकडा उघड्या पेल्यात ठेवून दोन-तीन महिने खोलीत राहू द्यावा. वीज नको, अंधारकोठडी नको, कारण साध्या उजेडाचा या प्लॅस्टिकवर परिणाम होत नाही. क्ष-किरण आणि गॅमा किरण मात्र ते टिपत नाही, हे मुलांना आधीच सांगावे, नाही तर कोरा तुकडा म्हणजे किरणोत्सर्ग नाहीच असा त्यांचा समज होईल. नंतर सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात तो सहा तास ठेवावयाचा. हे काम शिक्षकानेच चष्मा व हातमोजे घालून करावे, मुलांना जवळ येऊ देऊ नये. गरम कॉस्टिक डोळ्यात उडाला तर दृष्टी जाते. तुकडा धुऊन वाळला की सूक्ष्मदर्शक मुलांच्या स्वाधीन करावा. गोल खळगा म्हणजे सरळ आलेला कण, लांबट खळगा म्हणजे तिरका. एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती ते मुलांनी मोजावे आणि घराघरांतील आकडे शेजारी मांडावेत.

लग्नात नि उरुसात पेटणाऱ्या पेट्रोमॅक्सच्या मँटलमध्ये पूर्वी थोरियम असे. तसे जुने मँटल प्लॅस्टिकजवळ ठेवले तर तेही खुणा उमटवते. मात्र मँटल पिशवीतच असू द्यावे असे नाही, कारण पिशवी आल्फा कण अडविते, म्हणून हाही भाग शिक्षकाने हाताळावा. जळलेल्या मँटलची भुकटी श्वासात जाणे वाईट. ज्या पालकांच्या माळ्यावर अशी बत्ती पडून असेल, त्यांनी ती मुलांना झाडावयास सांगू नये.