आरसा आणि पडदा

‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत न लिहिणारा मराठीचा विद्यार्थी आमच्या पाहण्यात नाही. दोष त्याचा नाही. ते शिकवले आम्हीच. प्रतिमाही जुनी आणि मानाची. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली पहिल्या मराठी वृत्तपत्रास नाव दिले तेही ‘दर्पण’. परंतु आरसा प्रकाशाचे नेमके काय करतो, हा प्रश्न मराठीच्या तासाला आम्ही कधी घेतला नाही. तो विज्ञानाच्या शिक्षकांकडे सोपवला.

ते शाळेत सांगतात ते असे. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेले समांतर किरण परावर्तनानंतरही समांतर राहतात. हे नियमित परावर्तन. खडबडीत पृष्ठभागावरून ते नाना दिशांना पांगतात. हे अनियमित परावर्तन. ‘अनियमित’ या शब्दाने फसू नये. तेथेही प्रत्येक किरणाचा आपतन कोन व परावर्तन कोन समानच असतो. ठिकठिकाणी बदलते ती पृष्ठभागाची दिशा. खडबडीतपणाही सापेक्ष असतो, तरंगलांबीच्या तुलनेत ठरणारा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. बोलण्याच्या आवाजाची मात्र काही सेंटिमीटरांपासून काही मीटरांपर्यंत. म्हणून नाशिकच्या पांडवलेण्यांतील दगडी भिंतीत आपला चेहरा दिसत नाही, पण आवाज घुमून परत येतो. प्रकाशाला खडबडीत असलेली भिंत ध्वनीला गुळगुळीत ठरते.

याच लेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला आणि त्यानंतर त्यांनी आपले काम नाशकात हलवले. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढून ही विद्याही त्यांनी प्रेक्षकांना उलगडून दाखवली. या साऱ्या खटपटीचे फळ अखेर उमटते ते एका पांढऱ्या पडद्यावर. त्या जागी आरसा टांगला असता, तर एखाद-दुसऱ्या खुर्चीतील डोळे दिपले असते. चित्र कोणालाच दिसले नसते. पडदा प्रकाश पांगवतो, म्हणूनच कोपऱ्यातल्या प्रेक्षकालाही हरिश्चंद्र दिसतो. पुढे अधिक उजेडासाठी पडद्यांना चंदेरी मुलामा देऊ लागले. ‘रुपेरी पडदा’ हा शब्द तेथला. मात्र त्या मुलाम्याने समोरच्यांचा उजेड वाढला, तसा कडेला बसलेल्यांचा घटला.

आरशाची उपमा टाकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु कवितेचा अर्थ वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा, तर तो अनेक दिशांना पांगलाच पाहिजे. आम्ही मात्र मार्गदर्शकातल्या ठरीव उत्तराला गुण देतो, म्हणजे पडद्याला मुलामा चढवतो, आणि कडेच्या बाकावरून आलेल्या वेगळ्या वाचनावर तांबडी रेघ ओढतो. ती ओढण्यापूर्वी एवढे आठवावे : किरण पांगला म्हणजे नियम मोडला, असे नव्हे.