सी प्रमाणपत्र : बीड जिल्ह्यातील एनसीसी कॅडेट

राष्ट्रीय छात्रसेनेचे, म्हणजे एनसीसीचे, सर्वोच्च प्रमाणपत्र. शाळेत दोन वर्षे काढली की ए, महाविद्यालयात दोन वर्षे झाली की बी आणि तिसऱ्या वर्षी सी, अशा या पायऱ्या आहेत. ए नसले तरी चालते. बी नसेल तर मात्र सीच्या परीक्षेला बसता येत नाही.

एनसीसीचा कायदा एप्रिल १९४८ मधला. पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून तो झाला, तेव्हा बीड अजून निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाडा मुक्त झाला तो त्याच वर्षी १७ सप्टेंबरला. मुलींचा विभाग १९४९ मध्ये सुरू झाला.

परीक्षा लेखी असते आणि मैदानावरचीही. पोटावर पालथे पडून, रायफलीचा दस्ता खांद्यात घट्ट रोवून, श्वास रोखून पॉइंट टू टू रायफलीने नेम साधायचा. होकायंत्र व नकाशावरून आपली जागा अचूक सांगायची. ‘तेज चल’ म्हणताच डावा पाय पुढे पडला पाहिजे. कवायतीच्या आज्ञा हिंदीत असतात आणि शिकवायला आलेल्या लष्करी हवालदाराला कॅडेट ‘उस्ताद’ म्हणतात.

बीडच्या मुलांची खरी कसोटी हजेरीत आहे. परेडला ७५ टक्के उपस्थिती लागते, शिवाय दहा-दहा दिवसांची शिबिरे करावी लागतात. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, परीक्षेच्या दिवसांत, बहुधा फडावरच असतात. मागे राहिलेल्या मुलावर घर, गुरे आणि धाकटी भावंडे यांचा भार पडतो. अशा घरातल्या मुलाने किंवा मुलीने तीन वर्षे परेड न चुकवता सी मिळवणे ही मोठी कमाई आहे, आणि तिची दखल आजवर फार कमी घेतली गेली आहे.

लष्कराची ओढ या भागात जुनीच. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला. तो शिपाई म्हणून गेला. सी प्रमाणपत्र पदवीधराला अधिकारी होण्याची वाट दाखवते.

सीमध्ये किमान बी श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असतील तर एनसीसी विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षा न देता थेट सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. निवड झाल्यास चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण मिळते. ही वाट मुलींनाही खुली आहे. अग्निवीर आणि राज्य पोलीस भरतीत प्रमाणपत्रधारकांना वाढीव गुण मिळतात.

दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरात एनसीसीच्या सर्वोत्तम संचालनालयाला मिळणारा पंतप्रधान ध्वज महाराष्ट्राने २०२२ ते २०२४ असा सलग तीनदा जिंकला. या शिबिरासाठी मराठवाड्यातील कॅडेटांची निवड एनसीसीच्या छत्रपती संभाजीनगर गटातून होते.